कुणाचं व्होल्टेज, कुणाचा करंट? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स आणि वॅट यांच्या हिशोबावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर ढीगच आला. सारखे होते ते एकत्र केलेत. ज्यांनी फक्त "ओहमचा नियम सांगा" एवढंच लिहिलंय त्यांच्यासाठी एका दमात सांगून टाकतो: व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स, वॅट म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट, आणि या दोघांची सरमिसळ केली की आणखी दोन सूत्रं निघतात, वॅट म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स आणि वॅट म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. झालं, एवढंच आहे सगळं. पाइपातल्या पाण्याचं उदाहरण देणार नाही, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि तरी हिशोब चुकतोच. तो का चुकतो ते खालच्या प्रश्नांवरून कळेल.

प्रश्न : सर, मी बारावीला आहे. पुस्तकात एका पानावर वॅट = करंटचा वर्ग × रेझिस्टन्स, म्हणजे रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढणार. पुढच्याच पानावर वॅट = व्होल्टेजचा वर्ग ÷ रेझिस्टन्स, म्हणजे रेझिस्टन्स वाढला की पॉवर कमी होणार. दोन्ही बरोबर कसं काय? क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले पाठ कर.

उत्तर : पाठ नको करूस, प्रश्न एकदम रास्त आहे. दोन्ही सूत्रं बरोबर आहेत, फक्त ती वापरताना एक गोष्ट आधी ठरवावी लागते जी पुस्तकात कुणी ठळक करून लिहीत नाही: तू रेझिस्टन्स बदलतोयस तेव्हा स्थिर काय राहतंय? व्होल्टेज की करंट?

घरातल्या सॉकेटला व्होल्टेज स्थिर असतं, २३० धर. तू काहीही लाव, सॉकेट २३० च देणार, करंट किती जायचा ते लावलेली वस्तू ठरवते. तिथे व्होल्टेजच्या वर्गाचं सूत्र चालतं. १००० वॅटच्या हीटरचा रेझिस्टन्स ५२.९ ओहम येतो आणि २००० वॅटच्या हीटरचा २६.४५, म्हणजे मोठ्या हीटरचा रेझिस्टन्स निम्मा. मुलांना हे उलटं वाटतं, "जास्त उष्णता म्हणजे जास्त विरोध" असं डोक्यात बसलेलं असतं ना. पण रेझिस्टन्स कमी केला की करंट वाढतो म्हणून पॉवर वाढते, आणि हेच टोकाला नेलं की शॉर्ट सर्किट.

आता त्याच सॉकेटवर ६० वॅटचा आणि १०० वॅटचा असे दोन जुने फिलामेंटवाले बल्ब एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये लाव. कुठला जास्त पेटेल? बहुतेक जण १०० वाला म्हणतात. ६० वाल्याचा रेझिस्टन्स ८८२ ओहम, १०० वाल्याचा ५२९, बेरीज १४११, करंट ०.१६३ ॲम्पिअर, आणि हा करंट दोघांतून सारखाच जाणार कारण दुसरी वाटच नाही. इथे करंट सामाईक, म्हणून करंटच्या वर्गाचं सूत्र घे: ६० वाल्यात साधारण २३ वॅट, १०० वाल्यात १४. म्हणजे छोटा बल्ब मोठ्यापेक्षा जास्त उजळतो! (फिलामेंट नेहमीपेक्षा थंड राहिल्यामुळे प्रत्यक्षात आकडे थोडे वेगळे येतील, पण क्रम हाच.)

आणि एक खात्री करून बघ. २००० वॅटच्या हीटरचे तिन्ही आकडे घे, २३० व्होल्ट, ८.७ ॲम्पिअर, २६.४५ ओहम. तिन्ही सूत्रांत घाल, तिन्हीकडून २००० च्या आसपासच येईल. व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स तिन्ही एकाच वस्तूचे आणि एकाच वेळचे असले की सूत्रं कधीच भांडत नाहीत. भांडण दिसलं की समजायचं, कुठेतरी एकाचं व्होल्टेज आणि दुसऱ्याचा रेझिस्टन्स घेतलाय.

प्रश्न : ६० वॅट २३० व्होल्टचा जुना बल्ब होता, मल्टीमीटर लावलं तर ६४ ओहम दाखवतंय. सूत्राने ८८२ यायला पाहिजे. मीटर नवीन आहे, दुसऱ्या मीटरनेही तेच. सूत्र चुकीचं का मीटर?

उत्तर : मीटर एकदम नीट आहे तुमचं. तुम्ही मोजला तो थंड बल्ब, सूत्राने काढला तो पेटलेला बल्ब. फिलामेंट टंगस्टनची असते आणि पेटल्यावर ती अडीच हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते, तेवढ्या तापल्यावर टंगस्टनचा रेझिस्टन्स थंडपेक्षा बारा-पंधरा पट होतो. ६४ ला १४ ने गुणा, ८९६. जवळपास जमलं की नाही?

यातून एक मजेशीर गोष्ट निघते. बटण दाबल्या क्षणी फिलामेंट थंडच असते, म्हणजे त्या क्षणापुरता करंट २३० भागिले ६४, साधारण ३.६ ॲम्पिअर, आणि मग डोळ्याची पापणी लवेपर्यंत तापून ०.२६ वर येतो. जुने बल्ब चालू करतानाच "टिक" करून उडायचे त्यात याचा मोठा हात, फिलामेंट जिथे झिजून बारीक झालेली असते ती जागा या धक्क्यात सगळ्यात आधी तापते.

"मग ओहमचा नियम बल्बला लागू नाही का" असंही दोघा-तिघांनी विचारलंय. व्होल्टेज भागिले करंट केलं की त्या क्षणाचा रेझिस्टन्स मिळतो, हे बल्बलाही लागू आहेच. ओहमचं म्हणणं याच्या पुढचं होतं: तापमान तेच ठेवलं तर धातूसाठी हा भागाकार प्रत्येक व्होल्टेजला सारखाच येतो. बल्ब तापमान तेच ठेवत नाही, म्हणून २३० वर काढलेला रेझिस्टन्स ११५ व्होल्टच्या हिशोबात वापरू नका. हीटरच्या कॉइलला मात्र चालतं, कारण ती निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, नायक्रोमची असते आणि तिचा रेझिस्टन्स लालभडक झाली तरी थोडाच वाढतो. म्हणून खालच्या उत्तरांत हीटरचा रेझिस्टन्स मी बिनधास्त कायम धरलाय.

प्रश्न : २००० वॅटचा हीटर एक्स्टेन्शन बोर्डवर लावतो. हीटर व्यवस्थित चालतो पण प्लग एवढा तापतो की हात लावता येत नाही, एक पिन तपकिरी झाली आहे आणि सॉकेटचं प्लास्टिक भोकापाशी वितळल्यासारखं झालंय. करंट तर सगळीकडे तोच जातो ना, मग फक्त प्लगच का?

उत्तर : सगळ्यात आधी, तो बोर्ड आणि तो प्लग आजपासून वापरायचा बंद करा, हिशोब नंतर वाचा.

करंट सगळीकडे तोच, ८.७ ॲम्पिअर, हे तुमचं अगदी बरोबर. आणि करंट तोच असला की उष्णता कुठे किती पडणार ते रेझिस्टन्स ठरवतो. हीटरच्या कॉइलमध्ये २६ ओहम, तिथे २००० वॅट, ते हवेच आहेत. तुमचा सॉकेट ढिला झालाय, आतली पितळी पट्टी पिनला घट्ट धरत नाही, पिन एखाद्या टिंबाएवढ्या जागेवरच टेकते. त्या सांध्याचा रेझिस्टन्स अर्धा ओहम धरू. अर्धा ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ८.७ चा वर्ग ७५.७, त्याच्या अर्धे ३८ वॅट. सोल्डर वितळवणारी साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते हो! तिच्यापेक्षा जास्त उष्णता तुमच्या पिनच्या टोकाला, प्लास्टिकच्या डबीत बंद करून. वितळणार नाही तर काय.

आणि हे वाढत जातं. तापल्यामुळे पट्टीचा ताण जातो, पृष्ठभागावर काळा थर चढतो, त्याने सांध्याचा रेझिस्टन्स आणखी वाढतो, मग आणखी तापतो. म्हणून तपकिरी झालेली पिन पॉलिश पेपरने घासून परत त्याच सॉकेटमध्ये घालण्यात अर्थ नाही, सॉकेटची पट्टी मेलेलीच असते. दोन्ही बदला.

हा रेझिस्टन्स मीटरने मोजून बघू म्हणाल तर मीटरच्या वायरींचाच दोन-तीन दशांश ओहम असतो, त्यात हे हरवून जातं, शिवाय वीज चालू असताना ओहमची रेंज लावायचीच नाही. त्यापेक्षा बदललेल्या सॉकेट-प्लगवर अर्धा तास हीटर चालवा, स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिनच्या जवळ उलटा हात न्या. कोमट ठीक आहे. चटका बसला तर सांधा खराब.

वायरचाही हिशोब करून टाकू. तुमची वायर ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि बोर्ड २० मीटर लांब असेल तर जायची-यायची मिळून ४० मीटर तार, तिचा रेझिस्टन्स सुमारे ०.९२ ओहम. म्हणजे वायरीत साधारण ६५ वॅट जातात आणि हीटरला पावणेआठ व्होल्ट कमी मिळतात. ६५ वॅट २० मीटरभर पसरलेले असले तर वायर फक्त कोमट लागते, पण तीच वायर रिळावर गुंडाळलेली ठेवली तर आतल्या फेऱ्यांची उष्णता बाहेर पडायला वाव नाही, तिथे इन्सुलेशन मऊ पडायला लागतं. जास्त लोडसाठी रीळ पूर्ण उलगडा म्हणतात ते यासाठी.

करंटचा वर्ग घ्यायचा हे मुळात जेम्स जूल यांनी शोधलं. पाण्यात तारेची कॉइल बुडवून, थर्मामीटर लावून, करंट दुप्पट केला की उष्णता चौपट होते हे त्यांनी दाखवलं आणि १८४१ साली ते छापून आलं. तुमच्यासाठी त्याचा उपयोग एवढाच की त्याच ढिल्या सॉकेटवर १००० वॅटचा हीटर लावला असता तर तिथे ३८ च्या जागी साडेनऊ वॅटच पडले असते, आणि म्हणूनच असे सॉकेट छोट्या लोडवर वर्षानुवर्षं चालतात आणि मोठा हीटर लावला की आठवड्यात दगा देतात.

प्रश्न : व्होल्टेज कमी आलं की करंट वाढतो असं आमच्याकडे सगळे वायरमन म्हणतात. ओहमच्या नियमाने तर करंट कमी व्हायला पाहिजे. खरं काय?

उत्तर : दोन्ही खरं, वस्तू कुठली आहे त्यावर.

हीटर, गीझर, इस्त्री, यांचा रेझिस्टन्स ठरलेला. व्होल्टेज २३० वरून २०० झालं तर करंटही ८.७ वरून साधारण ७.५६ होतो, आणि दोन्ही कमी झाल्यामुळे पॉवर २००० वरून थेट १५१२ वॅट. व्होल्टेज १३ टक्के पडलं आणि पॉवर २४ टक्के पडली. पाणी तापायला तेवढा जास्त वेळ लागतो, पण मीटरवर युनिट जवळपास तेवढेच पडतात, कारण पाण्याला लागणारी उष्णता काही बदलत नाही.

हाच वर्ग उलट्या बाजूने भयानक असतो. जगात काही देशांत घरगुती व्होल्टेज १२० आहे, काहींत २३०. १२० व्होल्टवर १००० वॅट घेणारा हेअर ड्रायर, त्याचा रेझिस्टन्स १४.४ ओहम. तो २३० वर लावला तर हिशोबाने ३६७० वॅटच्या वर जातो. फार वेळ नाही म्हणा, काही सेकंदांत धूर.

आता मोबाइलचा चार्जर, कॉम्प्युटर, टीव्ही, इन्व्हर्टर एसी, चांगल्यापैकी एलईडी बल्ब. यांच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं आणि त्याला ठराविक पॉवर काढायचीच असते, व्होल्टेज काहीही येवो. व्होल्टेज कमी झालं की ते करंट जास्त ओढून भरपाई करतं. म्हणून व्होल्टेज पडलं की फिलामेंटचा बल्ब मिणमिणतो आणि शेजारचा एलईडी ढिम्म असतो. मोटरवर पंपासारखा भार असेल तर तिचंही तसंच, व्होल्टेज पडलं की करंट वाढतो, आणि वायरमन मंडळींचा संबंध जास्त मोटरशीच येतो म्हणून ते तसं म्हणतात. त्यांच्या अनुभवाला नावं ठेवू नका, फक्त ते वाक्य गीझरला लावू नका.

म्हणजे बघा, पहिल्या उत्तरात मी दोनच पर्याय दिले होते, व्होल्टेज स्थिर किंवा करंट स्थिर. हा तिसरा, पॉवर स्थिर. पुस्तकात हा सहसा नसतोच.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. लाल एलईडी २ व्होल्टची, २० मिलिॲम्पिअरची. मग रेझिस्टन्स = २ ÷ ०.०२ = १०० ओहम काढून गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावली. एलईडी एकदा चमकून गेली आणि रेझिस्टरला हात भाजला. हिशोब तर बरोबर होता ना?

उत्तर : भागाकार बरोबर, व्होल्टेज चुकीचं. तुला रेझिस्टरचा रेझिस्टन्स हवाय आणि तू व्होल्टेज घेतलंस एलईडीचं. बॅटरीच्या १२ पैकी २ एलईडी घेणार, उरलेले १० रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये पडणार. म्हणून १० भागिले ०.०२, ५०० ओहम. तू १०० लावलास, तर करंट गेला १० भागिले १००, म्हणजे १०० मिलिॲम्पिअर, ठरलेल्याच्या पाचपट. एलईडी गेली ती त्याने. आणि रेझिस्टरवर १० गुणिले ०.१ म्हणजे १ वॅट, तो बहुतेक पाव वॅटचा असणार, मग हात भाजणारच.

आता नीट करू. ५०० ओहमचा रेझिस्टर सहज मिळत नाही, ४७० आणि ५६० मिळतात. गाडीची बॅटरी आहे म्हणून मी ५६० घेईन, कारण इंजिन चालू असताना तिथे १२ नसतात, १४.४ पर्यंत जातात. तेव्हा १४.४ वजा २, १२.४ भागिले ५६०, २२ मिलिॲम्पिअर, चालेल. पॉवर किती? १२.४ चा वर्ग भागिले ५६०, सुमारे ०.२७ वॅट. म्हणजे पाव वॅटचा रेझिस्टर इथेही कमी पडतो, अर्ध्या वॅटचा घे. १२ वर हिशोब करून थांबला असतास तर हे कळलंच नसतं.

एलईडीला तिचा असा ठराविक रेझिस्टन्स नसतो हेही लक्षात ठेव, तिच्यावरचं व्होल्टेज २ च्या आसपास चिकटून राहतं आणि करंट मात्र थोड्या व्होल्टेजने धाडकन वाढतो, म्हणून तर शेजारी रेझिस्टर लावून करंटला बांध घालायचा. आणि मिलिॲम्पिअरचे ॲम्पिअर करायला विसरू नकोस, ०.०२ च्या जागी २० घातलेस तर उत्तर अर्धा ओहम येईल. सोपं जाईल असं सांगतो, करंट मिलिॲम्पिअरमध्येच ठेव, उत्तर थेट किलोओहममध्ये येतं: १० भागिले २०, ०.५ किलोओहम.

प्रश्न : घड्याळात घालतो ते दीड व्होल्टचे आठ सेल जोडले तर १२ व्होल्ट होतात. मीटरवर १२ च्या वरच दिसतंय. मग याने गाडी का स्टार्ट होत नाही? १२ म्हणजे १२ ना?

उत्तर : १२ म्हणजे १२, जोपर्यंत काही ओढत नाही तोपर्यंत. सेलच्या आतच रेझिस्टन्स असतो. नव्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा ०.२ ओहम धरू, आठांचे १.६. स्टार्टर मोटर १५० ॲम्पिअर मागते असं समजा. तुमच्या सेलची टोकं सरळ शॉर्ट केली (करू नका) तरी १२ भागिले १.६, साडेसात ॲम्पिअरच निघतील, आणि तेव्हा बाहेर व्होल्टेज शून्य, सगळी उष्णता सेलच्या पोटात. गाडीच्या बॅटरीच्या आत रेझिस्टन्स ओहमच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून कमी. १५० ॲम्पिअर ओढले तरी दीड व्होल्ट आत पडतात, बाकीचे मोटरला मिळतात. चावी फिरवताना हेडलाइट मंद होतो तो हाच पडलेला दीड व्होल्ट.

मीटरला काही हे दिसत नाही, कारण मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. बॅटरी तपासायची तर लोड लावून व्होल्टेज बघायचं.

गंमत म्हणजे स्वतः ओहम यांना हाच त्रास झाला होता. जर्मनीत कोलोनच्या शाळेत शिकवताना ते तारांवर प्रयोग करायचे, पण त्या काळच्या बॅटरीचं व्होल्टेज मोजता मोजताच खाली यायचं, आकडे जुळेनात. मग भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांनी सुचवल्यावरून त्यांनी बॅटरी सोडून बिस्मथ आणि तांब्याचा थर्मोकपल घेतला (दोन धातूंचे दोन सांधे, त्यांच्या तापमानातल्या फरकाने व्होल्टेज तयार होतं), एक सांधा उकळत्या पाण्यात, एक बर्फात, म्हणजे व्होल्टेज अगदी थोडं पण पक्कं. तेव्हा कुठे नियम सापडला, १८२७ साली पुस्तक आलं, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक द्यायला १८४१ उजाडलं.

प्रश्न : सीलिंग फॅन ७५ वॅटचा आहे. वाइंडिंग मोजलं तर २०० ओहम. २३० चा वर्ग भागिले २०० केलं तर २६४ वॅट! कंपनी फसवते का?

उत्तर : नाही हो. मल्टीमीटर आपल्या छोट्या बॅटरीने डीसी, म्हणजे एकाच दिशेने जाणारा करंट सोडून मोजतं, त्याला फक्त तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स दिसतो. एसीवर, म्हणजे सॉकेटमधल्या सतत दिशा बदलणाऱ्या करंटवर, त्याच कॉइलमध्ये सारखं बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते करंटला उलट व्होल्टेज दाखवून अडवतं. हा विरोध मीटरवर येत नाही. त्याच वाइंडिंगला २३० व्होल्ट डीसी दिलं तर मात्र तुमचा २६४ चा आकडा खरा ठरेल आणि थोड्या वेळात जळका वास येईल. मोटर, ट्रान्सफॉर्मर, चोक यांना ओहमच्या रेंजवर मोजून पॉवर काढू नये. मोजायचं असेल तर वॅट दाखवणारं प्लग-इन मीटर लावा.

प्रश्न : चार्जरवर लिहिलंय, इनपुट १०० ते २४० व्होल्ट, ०.५ ॲम्पिअर. २३० गुणिले ०.५ म्हणजे ११५ वॅट. आउटपुट ९ व्होल्ट २.२२ ॲम्पिअर म्हणजे २० वॅट. मधले ९५ वॅट जातात कुठे? चार्जर तर एवढा तापतही नाही.

उत्तर : तापत नाही हे तुम्ही बघितलंत ना, तिथेच अर्धं उत्तर आहे, ९५ वॅट त्या डबीत पडले असते तर ती हातात धरता आली नसती.

लेबलवर लिहिलेला इनपुट करंट हा जास्तीत जास्त असतो, आणि चार्जर पॉवर स्थिर ठेवणारा असल्यामुळे जास्तीत जास्त करंट सगळ्यात कमी व्होल्टेजला लागतो. म्हणजे ०.५ ला गुणायचं १०० ने, २३० ने नाही. आले ५०. पण हे ५० सुद्धा वॅट नव्हेत, व्होल्ट-ॲम्पिअर. छोटे चार्जर एसीच्या लाटेच्या फक्त शिखरापाशी झटक्याझटक्याने करंट घेतात, त्यामुळे गुणाकाराचा निम्म्याहून थोडाच जास्त भाग खऱ्या वॅटमध्ये उतरतो, त्या प्रमाणाला पॉवर फॅक्टर म्हणतात. ५० चे झाले २५-३०. आउटपुटचे २० आणि मध्ये तीन-चार वॅट उष्णता, त्यात आरामात बसलं. एसीवर नुसतं व्होल्ट गुणिले ॲम्पिअर हे हीटर आणि बल्बलाच सरळ चालतं.

आणि "जास्त ॲम्पिअरचा चार्जर लावला तर फोनमध्ये जबरदस्तीने करंट घुसेल का" हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. नाही. घुसतं ते व्होल्टेज. करंट फोन ठरवतो, चार्जरवरचा आकडा म्हणजे त्याची देण्याची ऐपत.

प्रश्न : माणसाला मारतो तो करंट का व्होल्टेज?

उत्तर : इजा करतो करंट, पण तो ढकलायला व्होल्टेज लागतंच, त्यामुळे "व्होल्टेजने काही होत नाही" हे बोलणं धोकादायक आहे. हात ओले असतील आणि शरीराचा रेझिस्टन्स १००० ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिॲम्पिअर. जीव वाचवणारा लीकेजचा ब्रेकर ३० ला पडतो. यावरून काय ते समजा.

प्रश्न : घरात करंट किती येतो ते बघायला मल्टीमीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर लावून पिना सॉकेटमध्ये घातल्या. मोठा आवाज झाला, फ्यूज उडाला.

उत्तर : वाचलात. सॉकेटमध्ये करंट "येऊन बसलेला" नसतो, तिथे व्होल्टेज असतं. करंटच्या रेंजवर मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार, वायरींसकट ओहमचा दहावा भाग धरा, २३० भागिले ०.१ करून बघा किती होतात ते. करंट मोजायचा तर मीटर लोडच्या रांगेत यावं लागतं, आणि घरातल्या वायरिंगवर ते करूच नका, क्लॅम्प मीटर मिळतं, एकाच वायरीभोवती अडकवायचं, फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम पकडल्या तर शून्य दाखवेल. आणि मल्टीमीटरमधला उडालेला फ्यूज त्याच रेटिंगचा, तशाच वाळू भरलेल्या प्रकारातला टाका, काचेचा साधा किंवा तारेचा तुकडा लावून चालवू नका. लाल वायर आत्ताच व्होल्टच्या भोकात परत लावून ठेवा, बहुतेक अजून १० ॲम्पिअरच्याच भोकात असेल.